लाल शाईची ओळ

हिंदुराव मास्तरांना माणसं चेहऱ्यापेक्षा अक्षरावरून लवकर ओळखू येत. पिंपरीच्या मुलांच्या शाळेचे ते हेडमास्तर, आणि इंद्रायणीकाठ प्राथमिक शिक्षक मंडळाचे चिटणीस. निगडीपासून चाकणपर्यंतच्या बेचाळीस शाळांची मासिक पत्रकं दर महिन्याच्या तीन तारखेपर्यंत त्यांच्या टेबलावर येत. ती तपासून ते वर पाठवीत, आणि तपासता तपासता प्रत्येकाची मनात नोंद करून ठेवीत. ज्याची वेलांटी लांब तो बढाईखोर. ज्याचे आकडे खोडून पुन्हा लिहिलेले, त्याची मुलं पटावर जास्त आणि वर्गात कमी. चाकणचे दत्तोबा गुरुजी एका दिवाळीनंतर एकाएकी ऐसपैस लिहायला लागले, तेव्हा मास्तरांनी ताडलं की सासऱ्याची जमीन यांच्या नावावर झाली. आणि ती झालीच होती. चौऱ्याण्णव शिक्षकांची अशी चौऱ्याण्णव खाती त्यांच्या डोक्यात होती. त्यांत स्वतःचं धरलेलं नव्हतं.

मंडळाचं संमेलन दर जानेवारीत दोन दिवस भरे. ठराव होत, भाषणं होत, एखादा आदर्श पाठ होई, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जिची वाट बघत, ती शेलापागोटी. ही पद्धत तरुण शिक्षकांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून आणलेली. एक पेटी ठेवायची, ज्याला ज्याची थट्टा करायची असेल त्यानं निनावी चिठ्ठी टाकायची, आणि चिटणीसांनी ती व्यासपीठावरून वाचायची. ज्याच्यावर चिठ्ठी असेल त्यानं उठून यायचं, हसायचं, वाकून चिठ्ठी घ्यायची आणि परत जागेवर जाऊन बसायचं. हसण्यातून सुटका नव्हती. जो हसला नाही तो रडका ठरे, आणि पुढल्या साली त्याच्यावर दोन चिठ्ठ्या येत.

चिठ्ठी कितीही पडेल असो, हिंदुरावांनी वाचली की मांडव हसून लोळे. कुठं थांबायचं, कुठल्या शब्दावर भुवई उचलायची, हे त्यांना बरोबर ठाऊक. ‘हिंदुराव नसते तर संमेलनाला कोण आलं असतं?’ असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत आणि ते नको नको म्हणत ऐकून घेत.

छप्पन साल संपत आलं होतं. डिसेंबरच्या एका दुपारी निगडीच्या इंदुताई स्वतः पत्रक घेऊन आल्या. एरवी पत्रक कुणाच्या तरी हाती येई. त्या दिवशी बाई चालत आल्या होत्या. वय सव्वीस-सत्तावीस. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेलेला. आई अंबूबाईंना घेऊन मुलींच्या शाळेला लागून असलेल्या खोलीत राहत. अक्षर सरळ, टपोरं, कुठं खाडाखोड नाही. मास्तरांच्या डोक्यातल्या त्यांच्या खात्यावर एकच शब्द होता: ‘नीट’.

“पट बघा, मास्तर.”

मास्तरांनी पाहिला. “मुली चार?”

“जूनमध्ये सात होत्या. गेल्या जानेवारीत एकोणीस. तुम्ही दोनदा शेरा मारलात, ‘पट असमाधानकारक, कारण कळवावे.’ लिहून कळवण्यासारखं नव्हतं, म्हणून आले.”

“बसा की. चहा सांगतो.”

“चहा नको.” त्या बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर. “गेल्या संमेलनाचा अहवाल तुम्ही सायक्लोस्टाइल करून बेचाळीस शाळांना धाडलात. वर लिहिलंत, शाळेच्या फलकावर लावावा. मी लावला नव्हता. गावातल्या मुलांच्या शाळेच्या मास्तरांनी लावला.”

“तसं कळवलंच होतं सगळ्यांना.”

“शेवटच्या पानावर निवडक शेलापागोटी होती.”

हिंदुरावांच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. चांगली निवड केली होती त्यांनी त्या पानासाठी. पण बाईंचा चेहरा पाहून ते हसू त्यांनी मिशीखाली परत घेतलं.

“तेव्हा माझ्याकडे पुरुषांचा साक्षरता वर्ग होता. अकरा जण. त्यांतले गेनबा पंचावन्न वर्षांचे. सात-आठ महिने गिरवून वाचायला शिकले. आणि नवं वाचायला आलेला माणूस काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दिसेल ते वाचतो. मनात वाचता येत नाही त्याला, मोठ्यानंच वाचतो. गेनबांनी फलकापुढं उभं राहून एकेक अक्षर लावत ते पान वाचलं. समोर चावडी. तिथं बसलेल्यांनी ऐकलं. मी शेजारीच माझ्या शाळेच्या वर्गात होते, मीही ऐकलं. मध्येच अडले, तेव्हा सवयीनं त्यांनी मलाच हाक मारली, ‘बाई, ह्यो शब्द काय वो?’”

“मग?”

“मग काय. बाहेर येऊन सांगितला. शिकवणं माझं काम आहे. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर अर्थ त्यांच्या ध्यानात आला.” इंदुताईंनी पदर सारखा केला. “दुसऱ्या दिवसापासून वर्गाला कुणी आलं नाही. गेनबांनी आधी स्वतः यायचं सोडलं, मग नातीला काढलं. त्यांच्यामागून बाकीच्यांनी. मार्चअखेर पटावर पंधरा मुली नसतील तर शाळा मुलांच्या शाळेत मिसळणार आणि माझी नेमणूक संपणार. शिक्षणखात्याचे भागाधिकारी तसं सांगून गेलेत. माझ्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, मास्तर.”

“हे बघा, इंदुताई, संमेलनातली गंमत संमेलनातच—”

“राहिली असती तर मी इथं आले नसते.”

“आणि मी काही चिठ्ठ्या लिहीत नाही. मी वाचतो.”

“अक्षर ओळखता ना? कुणाचं होतं?”

हिंदुरावांनी टेबलावरचा टाक उचलला, पुसला आणि परत ठेवला. “आता आठवत नाही,” ते म्हणाले.

“मला कुणाला शिक्षा नको. ते खोटं होतं एवढं निगडीत येऊन कुणीतरी सांगा. मी सांगून उपयोग नाही. आणि या खेपेला मला संमेलनाला बोलावू नका.”

“ते कसं जमेल? संमेलनाचे दोन दिवस कामाचे धरतात. गैरहजेरी लागली तर तुमच्याच अंगाशी येईल.”

“ते ठाऊक आहे. म्हणून तर विचारतेय.”

“बघतो,” हिंदुराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’, हे बेचाळीस शाळांना ठाऊक होतं. इंदुताई उठल्या.

त्या गेल्यावर मास्तरांनी दाराला कडी घातली आणि कपाटातून गेल्या संमेलनाचा गठ्ठा काढला. ते कागद टाकत नसत. जी चिठ्ठी हवी होती ती शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही, कारण ती कुठं आहे हे त्यांना ठाऊकच होतं.

चिठ्ठी दोन रंगांत होती. वर निळ्या शाईत ज्योतीरामचं तिरपं, घाईचं अक्षर: ‘निगडीच्या बाई, रात्रीची पण शाळा चालवता, दमत कशा नाही?’ ज्योतीराम म्हणजे चिंचवडच्या शाळेतला उमदा, हुशार मास्तर, मांडवापासून जेवणापर्यंत सगळं अंगावर घेणारा, हिंदुरावांचा उजवा हात. त्याची ती चिठ्ठी वाचायला अगदीच मिळमिळीत होती. तिच्यावर आडवी रेघ मारलेली होती. आणि रेघेखाली, मुलांच्या वह्या तपासायच्या लाल शाईत, वळणदार, गोल अक्षरात:

‘प्रौढांचा वर्ग सुटतो नवाला, बाईंचा कंदील जळतो बाराला, उरलेला धडा कोणत्या विद्यार्थ्याला?’

चिठ्ठ्या नुसत्या वाचायच्या असल्या तरी संमेलनाच्या सकाळी मास्तर त्या एकदा नजरेखालून घालीत. कमजोर वाक्य दिसलं की त्यांचा हात शिवशिवे. वीस वर्षं दुसऱ्याची वाक्यं सुधारण्यात गेली होती. ही ओळ तर त्यांना एका झटक्यात सुचली. मांडव किती हसला होता! इंदुताई पुढं आल्या होत्या, हसल्या होत्या, वाकून चिठ्ठी घेतली होती. म्हणजे घेण्यासाठी हात पुढं केला होता, पण मास्तरांनी गठ्ठ्यासाठी मूळ चिठ्ठी ठेवून घेतली आणि त्यांना कोरा कागद दिला. लाल शाई कुणाला दिसू नये म्हणून. तेव्हा ते स्वतःशी म्हणाले होते, अहवालासाठी लागेल.

आणखी एक गोष्ट होती, ती गठ्ठ्यात नव्हती. कंदील बारापर्यंत का जळतो ते हिंदुरावांना माहीत होतं. संमेलनाच्या दोनच महिने आधी इंदुताईंनी त्यांच्याकडून जुन्या पत्रकांचे दोन गठ्ठे मागून नेले होते. कोऱ्या बाजूवर मोठ्या मोठ्या अक्षरांत धडे लिहायला. म्हाताऱ्या डोळ्यांना छापील पुस्तक दिसत नाही म्हणाल्या होत्या.

मास्तरांनी गठ्ठा परत बांधला. गाठ दोनदा मारली.

संमेलन त्या वर्षी पिंपरीलाच होतं. शाळेच्या पटांगणात मांडव, निर्वासितांच्या कॅम्पातल्या हलवायाकडून शेव-बुंदी. नव्या कारखान्याचा भोंगा झाला की वक्ते दचकून थांबत आणि श्रोते तेवढ्यात पाय मोकळे करून घेत. अकरा शिक्षिका नेहमीप्रमाणे डावीकडे, शेवटच्या दोन बाकांवर. इंदुताई त्यांच्यात कडेला. बोलावू नका म्हणाल्या होत्या. हजेरीचं पत्र गेलं होतं, त्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुरावांनी पेटी आपल्या खोलीत नेली आणि चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या. या वेळी टाक हातात घेतला नाही. उगाच सवयीनं मोजायला लागले. एकूण चौसष्ट. मग कुणी लिहिल्या तशा लावल्या. त्यासाठी नावं लागत नव्हती. मग, आजवर कधी लावल्या नव्हत्या तशा, कुणावर लिहिल्या त्याप्रमाणे लावल्या. एका बाजूला तेहतीस, दुसऱ्या बाजूला एकतीस. त्र्याऐंशी पुरुषांवर तेहतीस आणि अकरा बायकांवर एकतीस. मास्तर त्या दोन ढिगांकडे बघत राहिले. शेतसाऱ्यापासून खडूच्या पेट्यांपर्यंत सगळं मोजणारा माणूस, आणि बारा वर्षं पेटी हाताळून हे गणित त्यानं एकदाही मांडलं नव्हतं.

पुरुषांवरच्या चिठ्ठ्या पोटावर, टकलावर, कंजूषपणावर. बायकांवरच्या दुसऱ्याच. एकीला मूल नाही. एक वाकून फळा पुसते. एकीच्या लुगड्याचा रंग भागाधिकारी यायच्या दिवशीच का उजळतो. इंदुताईंवर सहा. त्यांत एक ज्योतीरामची. मागल्या वर्षीचा कंदील त्यानं या वर्षी पुन्हा पेटवला होता. शाबासकी मिळालेल्या विद्यार्थ्यासारखं, शिकवल्याप्रमाणे.

दुपारी, चहाच्या आधी, मास्तर व्यासपीठावर आले. मांडवात खुर्च्या सरकल्या, लोक सरसावून बसले.

“मंडळी,” हिंदुराव म्हणाले, “चौसष्ट चिठ्ठ्या आल्यात. तुमची पत्रकं मी बारा वर्षं तपासतोय. कुठली चिठ्ठी कुणाची, ते मला नावाशिवाय कळतं. तेव्हा या वर्षी चिठ्ठीबरोबर लिहिणाऱ्याचं नावही वाचायचं ठरवलंय. ज्याला आपली चिठ्ठी परत हवी त्यानं चहाच्या वेळात माझ्या खोलीत येऊन न्यावी.”

आधी लोक हसले. मग चिटणीस हसत नाहीत हे बघून थांबले.

पहिले आले चाकणचे दत्तोबा गुरुजी. “मास्तर, ती माझी जरा… शुद्धलेखन बघायचं राहिलंय तिच्यात.”

“घेऊन जा. निवांत बघा.”

मग रांगच लागली. एकाची चिठ्ठी चुकून पडली होती. एकानं दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिली होती. एक म्हणाला, “आमच्या मंडळींच्या कानावर गेलं तर घरात घेणार नाहीत हो.” मास्तर ज्याची त्याला देत होते. एकही चुकली नाही. टेबलावरचा ढीग उतरत गेला आणि घेऊन जाणाऱ्यांच्या माना त्याच मापानं खाली.

रांगेच्या शेवटी शालनबाई उभ्या होत्या. चिखलीच्या शाळेच्या, पन्नाशीच्या, शिक्षिकांमधल्या सगळ्यांत जुन्या. हिंदुरावांनी त्यांची चिठ्ठी वेगळी काढून पुस्तकाखाली ठेवली होती. ती काढून दिली.

“उघडून वाचलीत?”

“वाचली.”

“इंदूवर आहे.”

“हो.”

शालनबाईंनी चिठ्ठीची घडी आणखी बारीक केली. “बावीस संमेलनं झाली माझी. मंडळ निघायच्या, ही पेटी यायच्या आधीपासूनची. मांडवात बसायचं तर एक कळतं, की दुसरीवर हसू फिरलं की तेवढा वेळ आपल्यावर येत नाही. पोरगी नवी होती. म्हटलं, तिच्यावर फिरू दे.” त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “बावीस वर्षं हसले, मास्तर. एकदाही हसू आलं नव्हतं.”

त्यांच्या मागं ज्योतीराम आत आला. त्यानं हात पुढं केला नाही. खुर्ची ओढून बसला.

“माझी परत नको,” तो म्हणाला. “वाचा खुशाल. नाव घेऊन वाचा. मी घाबरत नाही.”

“ज्योतीराम, त्या बाईची नोकरी जातेय.”

“माझ्यामुळं?” तो हसला. त्याच्या हसण्यात राग होता, आणि तो खोटा नव्हता. “राव, मी लिहिलं होतं, दमत कशा नाही. एवढंच. व्यासपीठावरून वेगळंच ऐकलं. माझं नाव त्या ओळीला चिकटलंय गेलं वर्षभर, लोक मला टाळ्या देतात. मी गप्प बसलो, कारण मलाही बरं वाटलं. आता साधू व्हायचंय तुम्हाला? व्हा. माझी चिठ्ठी वाचा, पण गेल्या सालची पण वाचा. लाल शाईसकट.”

“तू बघितलीस ती?”

“टेबलावर होती तुमच्या. उघडी.”

चहा संपल्याची घंटा झाली. ज्योतीराम उठून गेला. टेबलावर एकच चिठ्ठी उरली होती.

मास्तर व्यासपीठावर गेले तेव्हा मांडवाच्या कापडी छताची दोरी कुरकुरलेली ऐकू येत होती. मंडळाचे अध्यक्ष रंगराव शेजारच्या खुर्चीत बसले होते. निवृत्तीला आलेले, पांढऱ्या फेट्याचे, शांतताप्रिय गृहस्थ; ज्या कुणाच्या बोलण्यानं शांतता बिघडेल तो त्यांना गुन्हेगार वाटे.

“एकच चिठ्ठी उरलीय,” हिंदुराव म्हणाले. “ती ज्योतीराम गुरुजींची आहे, निगडीच्या बाईंवर. ती मी वाचणार नाही. गेल्या वर्षी मी एक वाचली. कंदिलाची. तुम्ही सगळे हसलात. ती ज्योतीरामांची नव्हती. त्यांचं वाक्य मी खोडलं आणि ती ओळ मी लिहिली. बाईंचा कंदील का जळतो ते मला माहीत होतं. त्या वर्गासाठी धडे लिहीत होत्या; कागद मीच दिले होते. माहीत असून लिहिलं, अहवालात घातलं आणि बेचाळीस गावांना धाडलं.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “अहो, गंमत होती ती, मास्तर.”

“त्या गमतीनं निगडीच्या पंधरा मुली घरी बसल्यात.”

“मग काय आता संमेलनात हसायचंच नाही का?” हा दुसरा आवाज. मागून एकानं ‘सोडा हो’ म्हटलं. कुजबुज वाढली. रंगराव उठले. हा विषय कार्यकारिणीपुढं ठेवू, पुढल्या वर्षी पेटी असावी की नसावी याचा साधकबाधक विचार करू, असं काहीसं बोलायला लागले.

तेव्हा डावीकडच्या शेवटच्या बाकावरून शालनबाई उभ्या राहिल्या. मांडवात बाई आपणहून उभी राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एरवी चिठ्ठीत नाव निघालं की उभं राहायचं.

“अध्यक्षमहाराज,” त्या म्हणाल्या, “विचार तुम्ही सावकाश करा. पेटी राहिली तर आम्ही अकराही जणी येणार नाही. गैरहजेरी मांडा. भागाधिकाऱ्यांनी कारण विचारलं तर आम्ही सांगू. आणि बसायचं म्हणाल तर पुढल्या वेळेपासून मधे बसू. शेवटच्या बाकावर नाही.”

त्या बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. मग त्यांच्या शेजारची उठली, मग तिच्या शेजारची. इंदुताई सगळ्यांच्या नंतर उठल्या. भागाधिकाऱ्यांचं नाव निघाल्याबरोबर रंगरावांना साधकबाधक विचाराची गरज उरली नाही. “पेटी बंद,” ते म्हणाले, आणि आभारप्रदर्शनाला वळले. त्यानंतर दोनच मिनिटांत त्यांनी हिंदुरावांच्या कानात सांगितलं की मंडळाची अब्रू वेशीवर टांगणारा माणूस चिटणीसपदावर शोभत नाही. राजीनामा मास्तरांनी, चिठ्ठ्या परत केल्या त्याच खोलीत, लिहून दिला. निळ्या शाईत.

मांडव सुटल्यावर इंदुताई त्यांच्यापाशी आल्या.

“मी सांगितलं,” मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं होतं, बाई काहीतरी बोलतील.

“इथं सांगितलंत,” इंदुताई म्हणाल्या. “मास्तर, मांडवातल्या लोकांना ते खोटं आहे हे ठाऊकच होतं. म्हणून तर हसू येत होतं त्यांना. खरं मानलं ते निगडीनं.” त्यांनी एक कागद पुढं केला. टपोऱ्या अक्षरात पंधरा घरांची नावं होती. “मी गेले तर दार उघडत नाहीत.”

फेब्रुवारीच्या चारही रविवारी हिंदुराव निगडीला चालत गेले. हातात छत्री, खिशात ती यादी. एका घरचा म्हातारा म्हणाला, “बसा, पाणी घ्या,” आणि सगळं ऐकून, “मंग आता त्याचं काय?” एकानं ओसरीवरसुद्धा चढू दिलं नाही; अंगणात उन्हात उभं करून ऐकलं. एकीनं विचारलं, “तुमाला बी लेकी असतील न्हवं?” मास्तरांना दोन होत्या. व्यासपीठावर एका दमात सांगून झालेली गोष्ट प्रत्येक दारात नव्यानं अडत होती. ‘ती ओळ मी लिहिली’ हे चार शब्द कुठल्याच घरात सोपे गेले नाहीत. पण पटावर आकडे चढत गेले. चाराचे सात झाले, साताचे दहा. शेवटच्या रविवारी सकाळी चौदा.

पंधरावं घर गेनबांचं. तिथं ते तीन वेळा जाऊन आले होते, तिन्ही वेळा सून सारजाबाईंनी दारातूनच सांगितलं होतं, “मामंजी रानात हायती.” या वेळी गेनबा अंगणातच होते. पुढ्यात कांद्याचा ढीग, हातात विळा. पात कापून कांदा एका बाजूला टाकायचा, पात दुसऱ्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“म्हाईत हाय कशापायी आलाय,” गेनबा म्हणाले. “साऱ्या गावाला सांगत फिरताय.”

“तुम्हाला सांगायचं राहिलंय.”

“मला काय सांगता? म्या स्वतः वाचलंया. कागदावर छापलेलं व्हतं. सायबाचा शिक्का व्हता खाली.”

“शिक्का मंडळाचा होता. छापलं होतं ते खोटं होतं.”

“छापलेलं बी खोटं असतंया, ह्ये बाईंनी शिकवलं न्हाई आमास्नी.” विळा तसाच चालत राहिला.

हिंदुराव खाली बसले, कांद्याच्या ढिगापलीकडे, मातीत. “ती ओळ मी लिहिली, गेनबा. बाईंचा कंदील जळायचा तो तुमच्यासाठी. तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून त्या मोठ्या अक्षरांत धडे लिहायच्या. रात्री बारापर्यंत. कागद माझ्याकडून नेलेले.”

विळा थांबला. “आमी वाचायचो त्ये कागद? त्ये बाईंनी हातानं लिवलेलं?”

“हो.”

“म्या म्हणायचो, सरकारातनं येत्यात.” गेनबांनी विळा खाली ठेवला. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मातीनं आणि कांद्याच्या रसानं काळे पडलेले हात. “आन् तुमाला ह्ये ठावं व्हतं?”

“होतं.”

“ठावं असून लिवलं?”

“होय.”

“का वो?”

हिंदुरावांनी पुष्कळ उत्तरं तयार केली होती. पहिल्या रविवारी ती त्यांच्याजवळ होती. चौदा घरांत ती एकेक करून संपली होती. “लोक हसतात म्हणून,” ते म्हणाले.

दारात सारजाबाई येऊन उभ्या होत्या. त्यांच्या पदराआड सात-आठ वर्षांची मुलगी. “मास्तर,” सारजाबाई म्हणाल्या, “येवढं हळू का बोलताय? घरातल्या घरात कबूल करून काय व्हतंय? त्यो कागद सारा गाव ऐकत व्हता. उठा, आन् गल्लीला ऐकू जाईल असं सांगा.”

मास्तर उठले. धोतराची माती झटकायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी सांगायला सुरुवात केली, मोठ्यानं. समोरच्या घरातून दोघे बाहेर आले. शेजारच्या कुशाबाई डोक्यावरची घागर तशीच धरून थबकल्या. अर्ध्यावर आल्यावर सारजाबाईंनी हात केला.

“थांबा. कुशाबाई आत्ता आल्यात. पयल्यापास्नं सांगा.”

हिंदुरावांनी पहिल्यापासून सांगितलं.

सांगून झालं. माणसं जशी आली होती तशी एकेक करून आत गेली. सारजाबाई मुलीला घेऊन आत गेल्या, आणि फडताळातून पाटी काढताना भांडी हलल्याचा आवाज बाहेर आला.

“सोमवारी येईल पोर,” गेनबा म्हणाले. “पंधरा व्हतील न्हवं?”

“होतील. आणि तुम्ही? बाई पुरुषांचा वर्ग पुन्हा सुरू करायचं म्हणतायत.”

गेनबांनी मान हलवली. “मी न्हाई. त्यांच्याम्होरं बसायला तोंड पायजे. माज्यापाशी न्हाई त्ये.” मग मास्तरांकडे न बघता त्यांनी विचारलं, “तुमाला काय म्हणत्यात बाई? समदं गाव पालथं घातलंत त्यांच्यासाठी.”

“दर रविवारी आकडा सांगायला जातो,” हिंदुराव म्हणाले. “उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगतो. त्या लिहून घेतात. अजून आत या म्हणाल्या नाहीत.”

गेनबांनी विळा उचलला. हिंदुरावांनी छत्री घेतली आणि आकडा सांगायला शाळेकडे निघाले.